मी तंबूतच झोपणार

१८ एप्रिल

ही वही सेजलने दिली. म्हणाली, "बाबा, तू कोणाकडे उलयत नाय. निदान लिही तरी." माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे आणि मला शहाणपण शिकवते. बरं. लिहितो.

पहिली गोष्ट ही की मी आजारी नाही. गेल्या पावसाळ्यात पाळी गावच्या वळणावर माझी स्कूटर घसरली, मागून टेम्पो येत होता, आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तुळशीच्या लग्नानंतर नवा पाय आला. तो सकाळी घालतो, रात्री काढतो. माणूस चष्मा घालतो आणि काढतो, तसंच. पण चष्मा काढलेल्या माणसाला बघून कोणी हळू आवाजात बोलत नाही.

आज लिहायला घेतलं त्याला कारण आहे. दुपारी संदीपचा फोन आला. हा चोपडे गावचा संदीप. खाणी चालू होत्या तेव्हा आम्ही दोघे टिपर, खनिजाचे ट्रक, चालवायचो, एकामागे एक, लाल धुळीत. खाणी बंद झाल्या. त्याने टिपर विकला आणि नदीकाठच्या आपल्या माडांखाली पर्यटकांसाठी तंबू लावले. मी चिरे आणि खडी ओढत राहिलो. आता त्याने तिथे एक लाकडी खोलीही बांधली आहे.

"बाबाजी," तो म्हणाला, "वहिनीक आणि सेजलीक घेवन ये. मे म्हयन्याच्या अखेरीक गिरायकां कमी आसतत. तंबू होयो तर तंबू, खोली होयी तर खोली. तूच सांग."

तूच सांग. किती महिन्यांनी कोणीतरी मला हे म्हटलं. मी लगेच सांगितलं, तंबू.

भाग्या बाजूला बसून तांबडी भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "खोलीत खाट आसा?" तिने विचारलं.

"खाट कित्याक? माका?" मी म्हटलं. ती पुन्हा भाजी निवडायला लागली.

२१ एप्रिल

दादा येऊन गेला. शांताराम, माझा मोठा भाऊ, आमच्या घराला लागून त्याचं घर. बातमी त्याच्यापर्यंत पोचायला फक्त कुंपण ओलांडावं लागतं.

"गोंयचे मनीस गोंयातच सुट्टीक जातत खंय?" तो हसला. मग माझ्या पायाकडे बघितलं आणि हसणं आवरलं. "आनी गेलोस तरी जमनीर निजून उठतलो कसो तू? खोली घे. न्हाणी भितर आसा, पंखो आसा, सगळी सोय आसा."

सोय. या शब्दाचा मला कंटाळा आला आहे. माझ्या सोयीसाठी न्हाणीत बसायला कदेल, म्हणजे खुर्ची, ठेवली. माझ्या सोयीसाठी दाराचा उंबरा फोडला. सोयीसाठी मला लग्नात पहिल्या पंगतीला बसवतात आणि मी जेवून होईपर्यंत चार माणसं आजूबाजूला उभी राहतात. मी दादाला म्हटलं, "मी टिपराखाली, दगडांवर निजलेला माणूस आहे. तंबूत गादी असते." तो मान हलवत गेला.

म्हणूनच तंबू. आता तर नक्कीच.

आणखी एक. घरात त्या कंबरदुखीच्या मलमाचा वास भरून राहिला आहे. शिगम्यापासून मी ते लावत नाही, भाग्याला तसं सांगितलंही. पण तिला सवय लागली असावी, नळी उघडीच टाकते. तिच्या उशीलासुद्धा वास येतो.

२९ एप्रिल

सेजल उलटली. मला वाटलं होतं पोरगी माझ्या बाजूने असेल. लहानपणी दोन खुर्च्यांवर चादर टाकून तंबू करणारी हीच. काल मोबाईलवर संदीपच्या खोलीचे फोटो दाखवत बसली. खाट उंच, गादी जाड, जनेलातून नदी दिसते.

"ह्यां बघ, बाबा. हांगा सगळ्यांक बरां पडतलां."

"सगळ्यांक म्हणजे माका."

"सगळ्यांक म्हणजे सगळ्यांक. आई कायच सांगना म्हणून तू..."

"सेजल," भाग्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "भात बघ. करपतलो."

भात करपत नव्हता. मला वास आला असता. दोघींचं आपसात काहीतरी ठरलेलं आहे आणि त्याचं नाव बाबाला सांभाळणं असं आहे.

मग मीही ठरवलं, यांना दाखवायचंच. रात्री खाटेवर झोपलो नाही. खाली चटई टाकली. भाग्या आपली चटई माझ्या शेजारी टाकून झोपली. सकाळी तिने मागून काखेत हात घातले, मी डावा पाय रोवला, आणि उभा राहिलो. पाय चढवला, भिंत धरून अंगणात गेलो. एवढंच तर होतं. सेजलला हाक मारून सांगितलं, "बघितलंस? जमनीवरून उठलो."

ती माझ्याकडे न बघता आत गेली. चहा मात्र आज फार उशिरा आला. बहुतेक सिलिंडर संपला असावा.

१२ मे

आज शिरगावला लईराईची जत्रा.

लग्नाच्या आधीपासून मी धोंड आहे, देवीचा व्रत घेतलेला भक्त. दरवर्षी व्रत पाळायचं, घराबाहेर राहायचं, तळ्यात आंघोळ करायची, हातात वेताची काठी घ्यायची आणि पहाटे होमखणाच्या निखाऱ्यांवरून देवीचं नाव घेत पलीकडे जायचं. पाय भाजत नाही. भाजला तरी मन कबूल करत नाही.

आमच्या धोंडांच्या मेळ्यातले लोक चार दिवसांपूर्वी घरी आले. फार प्रेमाने म्हणाले, "बाबाजी, तू यो. तुका पुढे कदेल घालून ठेवतंव." मी हात जोडले आणि नको म्हटलं. देवीसमोर कदेलीवर बसून दुसऱ्यांना निखाऱ्यांवरून जाताना बघायचं? ती मला ओळखायची नाही.

भाग्याला म्हटलं, तू जा, सेजलला घेऊन जा. ती म्हणाली, "नाका. इतको वेळ उबी रावपाक जायना." दरवर्षी ती पहाटेपर्यंत उभी असायची, हातात माझा टॉवेल घेऊन. यंदा माझ्यामुळे तिचं मन लागत नाही. दुपारभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

आगीवरून जायचं नाही तर नाही. पण उघड्यावर झोपायला मला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

१६ मे

बॅगा भरायला घेतल्या. भाग्याने चादरी घडी करता करता विचारलं, "खोली घेतली तर चलात? शेवटचां विचारतंय."

"तू माझ्या बाजूने की दादाच्या?"

"मी कोणाच्याच बाजूक नाय," ती म्हणाली. "मी मदीं आसा."

चांगलं उत्तर दिलं. बायकोने असंच असावं, भावांच्या भांडणात पडू नये.

२० मे, चोपडे

आलो. संदीपने आपली पिकअप पाठवली होती. शापोरा नदीवर होड्या उलट्या घालून ठेवल्या आहेत, काठावर जाळी वाळत आहेत, माडांच्या सावलीत चार तंबू, आणि जरा उंचावर ती खोली. छान बांधली आहे, खोटं कशाला बोलू. पायऱ्यासुद्धा त्याने स्वतःच ठोकल्या आहेत.

संदीपने दोन्ही तयार ठेवलं होतं. खोलीतल्या खाटेवर नवी चादर, तंबूत दोन गाद्या. "सांग," म्हणाला. मी माझी बॅग तंबूत टाकली. त्याने भाग्याकडे बघितलं. भाग्याने नदीकडे बघितलं.

खोली रिकामीच होती म्हणून सेजलला तिथे झोपायला सांगितलं. दिवेलागणीला मी माडाला टेकून बसलो होतो, तेव्हा त्या दोघींचं बोलणं कानावर आलं.

"आई, तू तरी माझ्या वांगडा भितर नीज."

"आनी तेंका सकाळी उठयतलो कोण?"

ऐकून छाती भरून आली. दादा काहीही म्हणो, बायको माझ्या तंबूत झोपणार होती.

संध्याकाळ तर विचारू नका. संदीपच्या बायकोने, गंगावहिनीने, खेकड्यांचं तोणाक, म्हणजे घट्ट रस्सा, केलं होतं. पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम उंडे पाव. भाग्या पाण्यात पाय सोडून बसली आणि संदीपने आमच्या टिपरच्या दिवसांतला तो किस्सा सांगितला, मी झोपेत हॉर्न वाजवायचो तो, तेव्हा ती मोठ्याने हसली. अपघातानंतर तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, बघा, तंबूने केलं हे.

निजायला बोलावलं तेव्हा ती खोलीच्या पायरीवर बसली होती. उठताना तिने कठडा दोन्ही हातांनी धरला. मग जनेलातून आत, त्या खाटेकडे थोडा वेळ बघत राहिली. सेजल नीट झोपली का ते बघत असावी.

२१ मे

हे लिहायला नको वाटतं. म्हणूनच लिहितो.

उजाडलं. नदीवर धुकं होतं. मी म्हटलं, भाग्या, उठूया, सूर्य पाण्यातून वर येताना बघू. ती अंथरुणात बराच वेळ बसून राहिली. मग माझ्या मागे आली, काखेत हात घातले. तंबूत छत खाली, तिला वाकूनच उभं राहावं लागलं. मी जोर केला. अर्धा उठलो असेन. तिच्या तोंडून आवाज आला. ओरडणं नव्हे. कापड फाटल्यासारखा. तिचे हात सुटले, ती खाली गेली, आणि मी तिच्या अंगावर.

मी बाजूला सरकलो. "उठ," म्हटलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "माका उठपाक जायना," ती म्हणाली, अगदी शांतपणे, जशी ती मीठ संपलं म्हणून सांगते.

आम्ही दोघे जमिनीवर. दोघांनाही उठता येत नव्हतं.

मी सेजलला हाका मारल्या. ती आली, संदीप आला, गंगावहिनी आली. तिघांनी भाग्याला चादरीत घेऊन खोलीत नेलं आणि त्या उंच खाटेवर ठेवलं. तंबूचं दार हलत राहिलं. मी आत तसाच. कोणाला माझी आठवण राहिली नाही, आणि बरोबरच होतं ते. नवा पाय कोपऱ्यात उभा होता, जणू कोणाची तरी वाट बघत. मी तो घालायच्या भानात नव्हतो. हातांवर आणि ढुंगणावर सरकत वाळूतून खोलीच्या पायरीपर्यंत गेलो.

सेजल बाहेर आली. मला पायरीवर बघून ती माझ्याशेजारी बसली. रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

"बाबा, आईची कंबर शिगम्याच्या आदींपासून गेल्या," ती म्हणाली. "डॉक्टरान वजन उखलूंक नाका म्हणून सांगलेलां. बाल्दी सुद्धां नाका. तू न्हाणीत घसरलोस मरे, तेन्ना तिणें तुका एकटीन उखललो."

"माका कोणीच सांगलां नाय."

"तिणें सांगपाक दिलां नाय. तू परत खाटेर पडून रावतलो म्हणून भियेली."

मला मलमाचा वास आठवला. उशिरा आलेला चहा आठवला. जत्रेच्या दिवशीची तिची पाठ आठवली. मी दाराच्या चौकटीत उभा राहून तिला माझ्यासाठी रडणारी समजलो होतो.

"खोली तुझ्यासाठी नव्हती, बाबा," सेजल म्हणाली आणि आत गेली.

चोपड्यातलेच एक डॉक्टर येऊन गेले. हाड मोडलेलं नाही, स्नायू धरला आहे, इंजेक्शन दिलं. पाठ टेकून पडून राहायचं, वाकायचं नाही, कोणाला उचलायचं नाही. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं नाही. मी ते माझ्याकडेच घेतलं.

दुपारी तिच्या खाटेशी बसलो. तिने डोळे मिटले होते. "चिडलात?" तिने विचारलं. मला विचारते. तिचे केस बाजूला केले. तिच्या हातातली काचेची एक बांगडी तंबूत फुटली होती, तिथे मनगटावर ओरखडा होता.

२२ मे

आज मला राग आला आहे. दादावर नाही, सेजलवर नाही, डॉक्टरवर नाही. ज्यावर आला आहे त्याला मारायला हात पोचत नाही. म्हणून कामाला लागलो.

व्यायाम शिकवणारी एक बाई आहे डिचोलीला, रेश्मा नावाची. हिवाळ्यात तिने मला जमिनीवरून एकट्याने उठायची रीत पुष्कळदा करून दाखवली होती. मी ती केली नाही. तिथे इतर बायका-माणसं बसलेली असायची, त्यांच्यासमोर पोरासारखं रांगायचं? मी तिला म्हणायचो, घरी माणसं आहेत. घरी माणसं. म्हणजे कोण ते आता कळलं.

नाश्ता झाल्यावर दोन माडांच्या मधल्या वाळूत जाऊन मुद्दाम खाली बसलो. नवा पाय बसूनच चढवला. पालथा झालो. हात आणि गुडघे टेकले. उजवा गुडघा जमिनीवर ठेवून डावं पाऊल पुढे घ्यायचं, दोन्ही हात डाव्या मांडीवर, आणि वर. सांगायला सोपं आहे. पहिल्यांदा तोंडावर पडलो. वाळू दातांत गेली. मग बाजूला पडलो. मग डावं पाऊल पुढे आलं, पण कंबर वर येईना आणि तसाच थांबलो, नमाजाला बसलेल्या माणसासारखा, पुढे काय ते न कळता.

पलीकडच्या तंबूतली पर्यटक जोडपी चहाचे कप घेऊन बघत होती. एक बाई धावत आली, हात पुढे केला. भल्या मनाची होती. मी हिंदीत सांगितलं, नको, हात लावू नका. ती घाबरली. संदीप पाठमोरा उभा राहून दोरी गुंडाळत होता. तीच दोरी तो परत परत सोडत होता आणि परत गुंडाळत होता. एकदाही वळला नाही. असा मित्र मिळायला नशीब लागतं.

मधेच दादाचा फोन आला. त्याला कोणीतरी कळवलं होतं.

"शेवटाक खोलीच घेतलीस मरे? मी सांगलेलां."

"होय, घेतली."

"पाय दुखता?"

"पाय बरो आसा, दादा. भाग्याची कंबर गेल्या. माका उखलून उखलून गेल्या. आता तुका कळलां, सगळ्यांक सांग. तिणें लपयलां, मी लपयचो नाय."

"मी येवं?" तो म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच होता. मी म्हटलं, नको, आता मला काम आहे. आणि फोन वाळूत ठेवला.

ऊन माथ्यावर आलं होतं. उजव्या पायाचं कापलेलं टोक चरचरत होतं, शर्ट पाठीला चिकटला होता. पुन्हा पालथा. पुन्हा गुडघा. डावं पाऊल. यावेळी मी हात मांडीवर ठेवल्यावर श्वास घेतला आणि खाली बघितलं नाही, नदीकडे बघितलं. मांडी थरथरली. वाटलं गेलो. मग मी उभा होतो. काही न धरता. माड माझ्यापासून दोन हात लांब होता.

कोणीतरी टाळ्या वाजवायला गेलं असावं, संदीपने हाताने थांबवलं.

खोलीच्या जनेलातून भाग्याचा आवाज आला. ती उशांना टेकून बसली होती, किती वेळ कोण जाणे.

"जालां?" ती म्हणाली.

"जालां."

"परत करा. मी मदींच दोळे मिटलेले."

मी परत खाली बसलो.

२३ मे

आज तिला विचारलं. नीट विचारलं. म्हटलं, आणखी दोन रात्री आहेत, तुला काय हवं ते सांग. तंबू, खोली, की घरी जाऊया.

"माका विचारतात?"

"तुकाच."

तिने उत्तर द्यायला वेळ घेतला. चहा संपवला, कप बाजूला ठेवला, छताकडे बघितलं. मला वाटतं तिला तो वेळ आवडत होता. "खोली," ती म्हणाली. "पंखो पुऱ्या जोरान. आनी सकाळी माका कोणी हाक मारची नाय. सूर्य येवं, चंद्र येवं."

"आनी मी?"

"तुमी तंबूत. हौस होती मरे."

सेजल तोंडावर ओढणी घेऊन हसली. मी चिडल्यासारखं केलं. पण मी माघार घेणारा माणूस नाही, तंबू म्हटलं होतं, तंबूतच आडवा झालोय. एकट्याला गादी मोठी वाटते.

२४ मे

पाखरांनी उठवलं. अंथरुणातच पाय चढवला. तंबूत छत खाली, म्हणून आधी रांगत बाहेर आलो. गुडघा, पाऊल, हात मांडीवर. एकदा बाजूला कललो. दुसऱ्यांदा उठलो. कोणी बघत नव्हतं.

रस्त्यापर्यंत गेलो. पोदेर सायकलवरून येतच होता. उंडे घेतले, गरम, कागदातून हाताला चटका लागत होता. परत येताना वाळूत हळू चालावं लागलं. खोलीच्या पायऱ्या कठडा धरून चढलो.

जनेलातून बघितलं. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता. सेजल खाली चटईवर, आणि भाग्या खाटेवर आडवीतिडवी पसरली होती, एक हात खाटेबाहेर, तोंड थोडं उघडं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही माझ्या आधी उठली नाही असा दिवस मला आठवत नाही.

सूर्य वर आला. उंडे थंड झाले. मी पायरीवर बसून राहिलो आणि तिला उठवलं नाही.